जुन्या डिफेंडरमधला शेक

जानेवारीत स्कॉटलंडच्या डोंगरांत पहाटे मेंढ्यांचा चारा घेऊन निघालेल्या जुन्या लँड रोव्हर डिफेंडरमध्ये बाहेरच्याइतकाच गारठा असतो. बॉडी ॲल्युमिनियमच्या एकेरी पत्र्याची आणि दारांच्या फटींतून वारा थेट गुडघ्यांवर येणारा. हीटर चालतो तो इंजिनच्या गरम पाण्यावर, आणि डिझेल इंजिन तापायला वेळ घेतं. चार-पाच मैलांवर शेत असेल तर हवा कोमट होईपर्यंत उतरायची वेळ झालेली असते.

या गाडीची आखणीच कामासाठी होती. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली, तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता, म्हणून बॉडीला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वापरला गेला. डिफेंडर हे नाव १९९० मधलं. २००८ मध्ये कंपनी टाटा मोटर्सकडे आली, आणि २९ जानेवारी २०१६ ला सोलिहलच्या कारखान्यातून या घराण्यातली शेवटची गाडी बाहेर पडली. म्हणजे अखेरची काही वर्षं हिची मालकी मुंबईच्या कंपनीकडे होती. या गाडीतल्या गारठ्यावरचा उपाय म्हणजे गरम सीट, आणि ती मोटारींना नवीन नव्हती. अमेरिकेत कॅडिलॅकने ती १९६६ च्या मॉडेलला देऊ केली होती आणि स्वीडनच्या साबने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिली होती. जुन्या डिफेंडरवाल्यांपैकी बऱ्याच जणांना मात्र ती मागाहूनच बसवून घ्यावी लागते.

हे काम मला मनापासून आवडतं, कारण त्यामागचा विचार अचूक आहे. गळक्या केबिनमधली सगळी हवा तापवायला काही किलोवॉट उष्णता लागते आणि तीही फटींतून निघून जाते. शरीर जिथे टेकतं तिथेच शेक दिला, तर एका सीटचे बैठकीचा आणि पाठीचा असे दोन्ही पॅड मिळून साधारण ५० वॉटमध्ये काम होतं. तारेतून प्रवाह गेला की तार तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. हा नियम मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये जन्मलेल्या जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडला. १२ व्होल्टवर ५० वॉट म्हणजे चार अँपिअरच्या थोडं वर, दोन सीटचे मिळून आठ-साडेआठ. ३००टीडीआय डिझेल इंजिनाच्या डिफेंडरचा ६५ अँपिअरचा अल्टरनेटर हेडलाइट, वायपर आणि पंखा सांभाळून एवढं सहज देतो. डिफेंडरच्या आधीच्या ‘सिरीज’ लँड रोव्हरपैकी फार जुन्या, डायनॅमो असलेल्या गाड्यांत मात्र हा मोह टाळावा. डायनॅमो मुळात वीसेक अँपिअर देतो, त्यात इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच नाही.

खरी कसोटी गादीच्या कामात लागते. कव्हर काढायचं म्हणजे ते फोमच्या खाचांत ओढून धरणाऱ्या तारेच्या कड्या एकेक करून कापायच्या. पॅड फोमवर सपाट चिकटवायचा आणि खाचेपाशी त्याला घडी पडू द्यायची नाही. घडी पडली की तिथे उष्णता साठते आणि पुढे फोम करपतो. कार्बन तंतूंचे काही पॅड लांबीला कापून बसवता येतात. तारेचे पॅड कधीच कापायचे नाहीत. कव्हर परत चढवण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक पॅडचा रोध मोजावा, कारण नंतर दोष सापडला तर सगळ्या कड्या पुन्हा कापाव्या लागतात. घाई करणाऱ्या कारागिराच्या हाती हे काम मी देणार नाही.

वीज जोडणं तुलनेने सोपं, कारण डिफेंडरची बॅटरी पुढच्या सीटखालच्या पेटीतच असते. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज, त्यापुढे रिले, आणि रिलेला चालना किल्लीच्या सर्किटमधून. म्हणजे किल्ली काढली की शेक बंद, रात्रभर बॅटरी उतरायचा प्रश्न नाही. सिगारेट लायटरच्या तारेत जोड मारणारेही असतात. तो जोड पत्र्याच्या धारेवर घासला आणि फ्यूज दूर असला, तर आगीला कारण मिळतं. जुन्या डिफेंडरला एअरबॅग नसल्यामुळे सीटखाली त्यांचे सेन्सर आणि पिवळ्या तारा नाहीत, हा इथे मोठा फायदा. आताच्या गाड्यांत तेच काम फार जपून करावं लागतं.

थर्मोस्टॅटवर एक पैसाही वाचवू नये. बराच काळ सौम्य उष्णता लागत राहिली तरी त्वचेवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग उमटतात, आणि मोटारीच्या सीटमुळे असं झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. कमरेखालची संवेदना गेलेल्यांना किंवा मधुमेहाने नसा बधिर झालेल्यांना चटका कळतच नाही, त्यांना भाजल्याची उदाहरणं आहेत. अशी व्यक्ती गाडीत बसणार असेल तर तिच्या बाजूचा स्विच वेगळा ठेवावा आणि तो बंदच राहू द्यावा.

एवढं सांभाळून केलेल्या कामात गाडीच्या मूळ वायरिंगला काप पडत नाही आणि डॅशबोर्डला नवं भोक पडत नाही. स्विच सीटच्या पेटीच्या कडेला, छोट्या पट्टीवर बसतात. पुढच्या मालकाला नको असेल, तर तो पॅड काढून नव्या कड्या घालतो आणि गाडी जशी सोलिहलहून निघाली तशी परत करू शकतो.