दांतांत लिहिलेलें चरित्र

झाडाच्या बुंध्यावरील वलयें मोजून त्याचें वय सांगतां येतें, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. कांहीं देवमाशांच्या दांतांतही अशींच वलयें असतात, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असेल. उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत बेलुगा नांवाचा पांढरा देवमासा राहतो. त्याचा दांत उभा चिरून पाहिला असतां एकावर एक बसलेले थर दिसून येतात.

वर्षाला एक थर बसतो कीं दोन, याविषयीं शास्त्रज्ञांत पुष्कळ काळ मतभेद होता. तो मिटविला अणुबाँबच्या स्फोटांनीं! १९५० नंतरच्या दशकांत आणि १९६० च्या सुमारास हवेंत झालेल्या चाचण्यांमुळें किरणोत्सर्गी कार्बन समुद्रांत उतरला व त्या वेळीं वाढणाऱ्या दांतांत जाऊन बसला. त्या खुणेपासून पुढचे थर मोजतां, वर्षाला एकच थर बसतो असें २००६ सालीं दाखवून देण्यांत आलें. अर्थात् दोन थर धरून काढलेलीं वयें दुप्पट करावीं लागलीं. जो प्राणी उशिरां वयांत येतो, त्याची वंशवृद्धिही संथच असावयाची. त्याची शिकार किती होऊं द्यावी, याचा हिशेबही त्यामुळें बदलतो.

अलास्कांतील कुक आखाताचें उदाहरण बोलकें आहे. तेथें १९७९ सालीं सुमारें १,३०० बेलुगा होते. १९९४ ते १९९८ या अवधींत शिकारीमुळें त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. १९९९ पासून शिकारीस आळा घातला गेला, तरी कळप सांवरला नाहीं. २०२२ च्या गणनेचा अंदाज अवघा ३३१ भरला.

मग उणें कोठें पडलें? जतन केलेले जुने दांत व हाडें यांनाच शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न विचारला. मोठा मासा लहानास खातो, तसतसें शरीरांतील जड नायट्रोजनचें प्रमाण वाढत जातें. आणि स्ट्राँशियम या धातूचे निरनिराळे प्रकार नदीच्या व समुद्राच्या पाण्यांत निरनिराळ्या प्रमाणांत असतात. सुमारें पन्नास वर्षांच्या नमुन्यांत जड नायट्रोजन घटत गेलेला आढळला व स्ट्राँशियमनें नदीच्या पाण्याकडे बोट दाखविलें. समुद्रांतील अन्नावरून हा कळप हळूहळू नदीमुखांतील अन्नाकडे वळला, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेलें हें संशोधन सांगतें.

एवढ्यावरून ऱ्हासाचें कारण सिद्ध होत नाहीं. परंतु या कळपाला जगवावयाचें तर नद्यांचीं मुखेंही जपलीं पाहिजेत, एवढा बोध त्या मुक्या दांतांनीं खचित दिला आहे.