चारच्या डोक्यावर सतरा

सापशिडीच्या पटावर ४ च्या घराच्या बरोबर वर १७ असतं. ८ च्या वर १३, १० च्या वर ११. या पटाची वाट शेतातल्या नांगरासारखी चालते: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, बांधाशी वळून दुसरी उजवीकडून डावीकडे. सोंगटीला ही वाट सोयीची, कारण ती कुठंच तुटत नाही. पण दहाची जादू या पटाला दाखवता येत नाही. ४ मध्ये १० मिळवले की १४ होतात आणि १४ चं घर ४ च्या डोक्यावर नसतं, तीन घरं बाजूला सरकलेलं असतं. उभं वाचत गेलं तर हाती लागतं ते निराळंच. पहिल्या दोन ओळींतल्या खालच्या-वरच्या घरांची बेरीज कायम २१, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीची ४१, पुढची ६१. सुरेख गोष्ट आहे, पण पहिलीतल्या मुलाला आधी हवी ती ही नव्हे.

अंकगणित शिकवणारा पटखेळ तयार करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा सापशिडीपासूनच सुरुवात करतो. मुलांना खेळ ठाऊक असतो, आकडे आयतेच छापलेले असतात. मग सापाच्या तोंडाशी एक गुणाकार लिहायचा; उत्तर चुकलं की सोंगटी खाली. शिडीच्या पायथ्याशी एक बेरीज; जमली की वर. अशा खेळात गणित म्हणजे वाटेतला टोलनाका होऊन बसतो. मूल तो कसाबसा ओलांडतं आणि पुन्हा फाशाकडे धावतं. बेरजेच्या जागी राजधान्यांची नावं विचारली तरी खेळ तसाच चालेल, आणि या जातीच्या खेळांची खरी उणीव तीच आहे. जिथं सोंगटी हलवणं हेच गणित असतं, ते काढलं तर चालच उरत नाही, तो खेळ काही शिकवतो.

सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट करणाऱ्यांना हे नेमकं कळलं होतं. महाराष्ट्रात परंपरा या पटाचं नाव ज्ञानेश्वरांशी जोडते. उत्तरेत तो ज्ञानचौपड म्हणून ओळखला जातो. जुन्या वैष्णव पटांवर बऱ्याचदा ७२ घरं दिसतात, जैन पटांवर ८४. घरांना सद्गुणांची, दुर्गुणांची, स्वर्ग-नरकादी लोकांची नावं. अहंकाराच्या घरात पाऊल पडलं की साप गिळणार, भक्तीच्या घरातून शिडी वर नेणार. तिथं धडा वेगळा सांगावा लागत नव्हता, घसरणं हाच धडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडात गेला, मुलांच्या करमणुकीचा झाला, आणि हळूहळू घरांवरची नावं गळून नुसते आकडे राहिले. आकडे राहिले म्हणून तो गणिताचा खेळ वाटू लागला, एवढंच. आकड्यांसाठी त्याची रचना कुणी केलेलीच नव्हती.

आकड्यांसाठी मुद्दाम रचलेला सर्वांत जुना ठळक खेळ युरोपात सापडतो. ऱ्हिथ्मोमाकिया, म्हणजे संख्यांची लढाई. अकराव्या शतकात, १०३० च्या सुमारास, वुर्झबर्गच्या असिलो नावाच्या साधूने त्याची मांडणी केली असं मानतात. पट ८ गुणिले १६ घरांचा. वर्तुळ, त्रिकोण, चौरस असे मोहरे आणि प्रत्येकावर एक संख्या. शत्रूचा मोहरा मारायचा तर आपल्या दोन मोहऱ्यांची बेरीज त्याच्याइतकी भरली पाहिजे, किंवा आपली संख्या मधल्या घरांच्या संख्येने गुणून त्याच्याइतकी आली पाहिजे. शत्रूच्या मुलखात आपले मोहरे गणिती वा भूमितीय श्रेढीत उभे केले की मोठा विजय. मठांत आणि विद्यापीठांत हा खेळ काही शतकं टिकला. आपल्या काळात डॅन फिंकेल यांचा प्राइम क्लाइंब त्याच वाटेचा. ० पासून १०१ पर्यंत घरं, दोन दहा-बाजूंचे फासे, आणि फाशावरचा अंक मिळवायचा, वजा करायचा, गुणायचा की भागायचा हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. लहान मूळ संख्यांना प्रत्येकी वेगळा रंग. २ नारिंगी, ३ हिरवा, म्हणून ६ चं घर अर्धं नारिंगी, अर्धं हिरवं. अवयव पाडणं तिथं डोळ्यांना दिसतं.

हे झालं मोठ्यांचं आणि थोराड मुलांचं. असा खेळ छत्तीसगढातल्या रायपूरसाठी करायचा म्हणून तिथल्या एखाद्या अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या मुलापाशी आलं की प्रश्न आणखी खाली, थेट मोजण्याच्या मुळाशी जातो.

या मुलाच्या कानावर संख्या किती वाटांनी येतात ते पाहा. घरी छत्तीसगढी, शाळेत हिंदी. आणि घर मराठी असेल तर तिसरी वाट. नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी अठराव्या शतकात रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहत, तेव्हापासून मराठी माणूस या मुलखात आहे. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं. अशा घरातलं मूल ८९ ला घरी एकोणनव्वद म्हणतं आणि वर्गात नवासी. पहिलं नाव नव्वदाकडे बघून एक कमी सांगतं, दुसरं ऐंशीच्या पुढे नऊ मोजतं. संख्या एक, तिच्याकडे जाण्याच्या दिशा दोन. त्यात पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना २ आधी, ही अडचण तर दोन्ही भाषांत आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकाने एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. गणिताच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना जोडाक्षरी नावं अडतात, म्हणून हा पर्याय. त्यांचं म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं.

छत्तीसगढी बोलीत मात्र एक भक्कम आधार पडून आहे: कोरी. कोरी म्हणजे वीस. दू कोरी चाळीस, पाँच कोरी शंभर. मराठीतही वीस नगांची कोडी होतीच. धानाचं जुनं माप याच विसावर उभं आहे: वीस काठ्यांची एक खंडी, वीस खंड्यांचा एक गाडा. म्हणजे गाडाभर धान चारशे काठे. खळ्यावर माप टाकणारा माणूस वीस झाले की एक खूण बाजूला काढतो, आणि शाळेत ज्याला हातचा म्हणतात तो हाच. आज सरकारी खरेदी केंद्रावर धान चाळीस किलोच्या कट्ट्यांत भरून क्विंटलने मोजलं जातं, अडीच कट्ट्यांचा एक क्विंटल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी काठा आणि खंडी अजून आहेत.

आता चालीकडे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्याबरोबरच्या गीता रमाणी यांनी २००८ मध्ये एक अगदी साधा खेळ तपासला. सरळ रेषेत दहा घरं, त्यांवर १ ते १०. फासा नाही, एक चक्री, आणि तिच्यावर फक्त १ आणि २. गरीब घरांतली चार-पाच वर्षांची १२४ मुलं. नियम एकच महत्त्वाचा: ३ वर असताना २ पडले तर ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘चार, पाच’ म्हणायचं. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या. दुसऱ्या गटाने तोच पट, तीच सोंगटी घेऊन आकड्यांऐवजी रंगांवर खेळ केला. आकड्यांच्या गटाची मोजणी, लहान-मोठं ओळखणं, रेषेवर संख्येची जागा सांगणं, सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनीही टिकलं. रंगांच्या गटाचं काही हललं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तीच घरं गोलात मांडून पाहिली. सरळ पटाने जे शिकवलं ते गोल पटाला तितकं जमलं नाही. सरळ पटावर संख्या वाढते तसा हात लांब जातो, वेळ जास्त लागतो, तोंड जास्त शब्द बोलतं. वाढणं म्हणजे काय ते मुलाला तीन अंगांनी एकाच वेळी कळतं.

२०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांचा पट घेतला. इथंही पट एकच, मोजण्याच्या रीती दोन. काही मुलं घरावरची संख्या म्हणत पुढे गेली, काही दर वेळी एकपासून मोजत. शिकली ती पहिली मुलं. आपल्या घराघरांत सापशिडी कशी खेळतात ते आठवून पाहावं. ४६ वर सोंगटी, फाशावर तीन; मूल म्हणतं, ‘एक, दोन, तीन’, आणि सोंगटी ठेवून देतं. ४७, ४८, ४९ हे शब्द तोंडातून निघतच नाहीत. संध्याकाळभर खेळ चालतो आणि मोजणी सहाच्या पुढे जात नाही.

यानंतर येते दिल्ली, आणि ती प्रत्येक खेळकर्त्याने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेबरोबर २१४ बालवाड्यांतल्या १,५४० मुलांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार महिने गणिताचे खेळ. ठिपक्यांचे समूह बघून जास्त कुठले ते सांगणं, आकृत्यांतली वेगळी ओळखणं. मुलांची ही जाण पक्की वाढली आणि वर्षानंतरही दिसली. पण शाळेतल्या लिहिलेल्या गणितात तिचा काही उपयोग झालेला दिसला नाही. पुढे २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास आला. ही मुलं भाजीचा हिशेब तोंडी चोख करत, आणि तेच गणित पुस्तकी रूपात समोर आलं की अडखळत. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं. खेळातलं गणित पाटीवर आपोआप जात नाही. त्याला जाण्याची वाट खेळातच बांधावी लागते.

हे सगळं जमेस धरून रायपूरसाठी पट आखायचा तर तो कसा असेल?

दहा ओळी, दर ओळीत दहा घरं, आणि प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. १ तळाशी, म्हणजे वर जाणं हे वाढणंच राहील. ओळ संपली की सोंगटीला पुन्हा डाव्या टोकाला यावं लागेल; ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या आरंभी एकच चिन्ह काढलं की मूल चुकत नाही. ही थोडी गैरसोय पत्करायची, कारण बदल्यात ४ च्या डोक्यावर १४ येतात, त्यावर २४. दर दोन ओळींना एक रंग, ती एक कोरी. पाच रंग, पाँच कोरी, शंभर. दहाची शाळा आणि विसाचं घर एकाच पटावर बसतात.

साप आणि शिड्या वाकड्यातिकड्या नकोतच. प्रत्येक साप सरळ खाली, नेमका दहा घरं: ४७ वरून ३७. प्रत्येक शिडी सरळ वर, एक कोरी: ३५ वरून ५५. एकं जागचं हलत नाही, दशक तेवढं बदलतं, हे मुलाला कुणी सांगायला नको. घसरताना ते त्याच्या बोटाखालून जातं. हा या पटाचा कणा आहे आणि बाकी काहीही बदललं तरी तो बदलू नये.

फाशाला बस्तरच्या जंगलात मुबलक असलेली चिंच पुरे. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार डाळिंब्या होतात, एक बाजू काळी, एक पांढरी. चल्लसमध्ये कवड्यांनी खेळतात तसंच दान: जितक्या पांढऱ्या तितकी घरं, आणि सगळ्या काळ्या पडल्या तर आठ. चार डाळिंब्या सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या सहांत दोन, चारांत एक, चारांत तीन, एकात चार आणि एकात आठ. म्हणजे बहुतेक चाली लहान, घरं नावानं म्हणत जाण्याजोग्या. आठचं दान क्वचित पडतं, आणि ते पडलं की वेगळा नियम: ३८ वर असलेल्या मुलानं घर-घर न मोजता आधी दोन घेऊन चाळीस गाठायचे, मग उरलेले सहा. जमलं तर आणखी एक दान. चाळीसची हद्द ओलांडताना तोंडानं म्हणायचं, दू कोरी; आणि पाटीवर लिहायचं, ३८ + ८ = ४६. लिहिल्याशिवाय दान पुढच्याकडे जात नाही. दिल्लीने दाखवलेलं खिंडार बुजवायचं ते या एका ओळीने. खेळाचा वेग यानं थोडा मंदावेल, मुलं कुरकुरतील, तरी हा नियम सोडू नये.

पट पुठ्ठ्यावर छापलाच पाहिजे असंही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकच्या चौदा खेळांत फुगडी होती, भोवरा होता, बिल्लस होतं. पटावरचा एकही नव्हता. पण बिल्लस म्हणजे जमिनीवर आखलेली घरंच. तिथल्या मुलींना खडूने चौकोन पाडायला आणि त्यांतून लंगडत जायला कुणी शिकवावं लागत नाही. एका फुटाची घरं धरली तर दहा फूट लांब-रुंद अंगण पुरतं, आणि सोंगटीच्या जागी मूल स्वतः उभं राहतं. सापावरून घसरणं म्हणजे मग सरळ मागच्या ओळीत उडी, दहा घरं कमी.

असा पट शहरातल्या काही वर्गांना द्यावा, काहींना त्याच रंगांचा पण आकड्यांशिवायचा, काहींना घराघरातली नेहमीची सापशिडी. मग परीक्षा घेताना पट समोर ठेवू नये. पाटीवर ६७ − २० एवढंच लिहावं आणि मूल किती वेळ घेतं, बोटं मोजतं की थेट ४७ सांगतं, ते नोंदवावं. तीच पाटी वर्षानंतर पुन्हा द्यावी. दिल्लीकरांनी तेवढी वाट पाहिली होती.