अडून बसलेली खुर्ची

एकदा मिळालेली खुर्ची सुटत नाही, ही पुढाऱ्यांविषयीची तक्रार आपण नेहमीच ऐकतो. पण खुर्चीच माणसाला बसू देत नाही, असा प्रसंग यंदाच्या भाद्रपदात माझ्यावर ओढवला. खुर्ची सत्तेची नव्हती, मोटारीची होती.

आमची मोटार दुसऱ्याच्या हातून आलेली. पण तिच्यातील चालकाची खुर्ची विजेवर चालते. बाजूचे बटण दाबले की ती पुढे-मागे सरकते, वर-खाली होते, पाठ कलते. हा थाट तसा नवा नव्हे. १९५७ सालच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या अमेरिकन मोटारीत तर बसणाऱ्याची जागा लक्षात ठेवणारी खुर्ची होती! आमच्या घरी या सोयीला एक वेगळेच महत्त्व. सौभाग्यवतींची उंची पाच फूट, माझी सहा. त्यामुळे एकाच मोटारीत आमचा संसार सुखाने चालतो, तो या बटणाच्या कृपेने.

त्या दिवशी सोलापुरात धो धो पाऊस झाला. सौभाग्यवती भिजत घरी आल्या, मोटार ठेवली आणि पहाटेच्या गाडीने आठ दिवसांसाठी माहेरी गेल्या. सकाळी मी दार उघडले, तर खुर्ची पार पुढे. बटण दाबले, हूं नाही की चूं नाही. गुडघे छातीशी घेऊन बसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हनुवटी चक्राला टेकली.

एरवी मी हसून सोडून दिले असते. पण ही मोटार घेतली होती ती अण्णांसाठी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीर्थरूपांना दर पंधरवड्याला इस्पितळात न्यावे लागते आणि रिक्षातल्या प्रत्येक धक्क्याला त्यांचा चेहरा काय होतो, ते मी पाहिले होते. त्या दिवशी पुन्हा रिक्षाच करावी लागली. अण्णा वाटेत काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच मला जास्त लागते.

दुपारी एका गॅरेजचा माणूस घरी आला. त्याने दोनदा बटण दाबले आणि निकाल दिला, "मोटर गेली, साहेब. पूर्ण सेट बदलावा लागेल. अडतीस हजार." मराठीच्या प्राध्यापकाला अलंकार शिकवता येतात, गहाण टाकायला ते उपयोगी पडत नाहीत! मी विचार करून सांगतो म्हणालो.

अण्णा ओसरीवरून ऐकत होते. तो गेल्यावर म्हणाले, "खुर्चीत मोटरी किती आहेत?"

"तीन."

"तिन्ही एका रात्रीत गेल्या? घरातले सगळे दिवे एकदम विझले, तर सगळे बल्ब उडाले म्हणशील का तू?"

अण्णा एका कापडगिरणीच्या विद्युत खात्यात होते. गिरणी बंद पडेपर्यंत होते. मी मराठी घेऊन एम. ए. झालो, तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. फक्त हत्यारांची पेटी माळ्यावर ठेवून दिली. आता त्यांच्या हाताला कंप आहे. "माझे हात चालत नाहीत," ते म्हणाले, "तुझे चालव. पेटी काढ."

वाचकहो, येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. पण ते व्याकरणाहून अवघड नाही. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून जाते, बटणापाशी येते, तेथून मोटरीत शिरते आणि मोटारीच्या लोखंडी सांगाड्यावरून बॅटरीकडे परत जाते. ही परतीची वाट म्हणजे अर्थिंग. जाण्याची वाट जितकी महत्त्वाची, तितकीच येण्याची; आपण मात्र पाहुणा आला की नाही एवढेच पाहतो, त्याची परत जायची सोय पाहत नाही. बटणाचे काम आणखी गमतीचे. मोटरीच्या दोन तारांपैकी एकीला वीज आणि दुसरीला अर्थिंग दिले की ती एका बाजूला फिरते. अदलाबदल केली की उलटी.

एवढे समजले की खुर्ची आपले दुखणे स्वतःच सांगते. अण्णांनी मला चार लक्षणे पाठ करायला लावली. सगळ्याच हालचाली बंद असतील, तर दोष सामाईक जागी : फ्यूज, मुख्य तार, खुर्चीखालचा जोड किंवा अर्थिंग. एकच हालचाल बंद असेल, तर त्या हालचालीची मोटर, तिच्या तारा किंवा तिचे बटण. खुर्ची पुढे जाते पण मागे येत नाही, असे असेल तर मोटर बहुधा निर्दोष. कारण ती एका बाजूला फिरतेच आहे. तेव्हा आधी बटण तपासावे आणि रुळात काही अडकले आहे का ते पाहावे. मुलांचे खेळणे किंवा एखादे नाणेही पुरते. आणि मोटर गुरगुरते पण खुर्ची हलत नाही, तर विजेला बोल लावू नये. दाते झिजले असतील, नाहीतर आतली केबल तुटली असेल.

आमचे दुखणे पहिल्या जातीचे. बॅटरी ठणठणीत होती. कर्ण्याने शेजाऱ्यांना तशी वर्दी दिली. खुर्चीचा फ्यूज शाबूत होता. (तो जळलेला असता, तर तितक्याच अँपिअरचा घालायचा. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे चोर सापडत नाही म्हणून पहारेकऱ्याला झोपवणे! मग फ्यूजऐवजी तार जळते आणि तारेबरोबर मोटार.)

खुर्ची पुढे असल्यामुळे मागून तिच्याखालचे जोड दिसत होते. मी मोटारीबरोबर आलेले पुस्तक आधी वाचून काढले होते. वाचणे हाच तर माझा धंदा. अण्णा खिडकीतून वाकून म्हणाले, "ती पिवळी जोडणी आधी सोड, म्हणजे मोकळं होईल."

"नाही अण्णा. पिवळीला हात लावायचा नाही."

ते चमकले. त्या घरात विजेच्या बाबतीत त्यांना 'नाही' म्हणणारा मी पहिलाच. मी सांगितले, की खुर्चीच्या कुशीत एअरबॅग असते, अपघाताच्या वेळी ती स्फोटाने फुगते आणि तिच्या तारा पिवळ्या जोडणीतून जातात. तिला मीटर लावला, बल्ब लावला, तर ती तिथेच फुटू शकते. त्या कामासाठी जाणकारच हवा. अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं वाचलंस. गिरणीत ही भानगड नव्हती."

पिवळी सोडून दुसरा जोड होता. त्याच्या पाठीमागून मी मीटरच्या सुया लावल्या, एक विजेच्या तारेला, दुसरी अर्थिंगच्या. काटा नव्हता, आकडे होते : १२.४ व्होल्ट. मी आनंदाने ओरडलो, "वीज पोचली! म्हणजे मोटरच गेली!"

"पोचली खरी," अण्णा म्हणाले, "पण ओझं उचलते का? बल्ब लाव."

मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणून त्याच दोन जागी लावला. तो एखाद्या आजाऱ्यासारखा मिणमिणला. मग अण्णांनी बल्बची अर्थिंगची तार काढून दाराच्या बिजागरीजवळच्या उघड्या, स्वच्छ लोखंडाला टेकवायला सांगितली. बल्ब लख्ख पेटला! येणारी वाट साफ होती, परतीची बुजली होती.

मीटरने मला का फसवले, ते १८२७ साली ओहम याने मांडलेल्या नियमात आहे. समजा, गंजलेल्या सांध्याचा अडथळा ५ ओहम आणि मोटरीचा १ ओहम. दोन्ही मिळून ६. म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी केवळ २ अँपिअर वीज वाहवू शकते. त्यातले १० व्होल्ट सांधाच गिळतो, मोटरीच्या वाट्याला २ उरतात. मीटर मात्र जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. त्यामुळे सांध्याला गिळायला काही मिळत नाही आणि आकडा पुरा दिसतो. काही माणसेही अशीच असतात. काम सांगेपर्यंत पुरे बारा व्होल्ट!

गालिचा उचलला. खाली पावसाचे पाणी मुरले होते आणि सांगाड्याला आवळलेल्या अर्थिंगच्या बोल्टभोवती हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता. मोटार बंद करून बॅटरीची ऋण तार सोडली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे काही मिनिटे थांबलो. मग बोल्ट काढला, तारेचे टोक आणि खालचे लोखंड पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले आणि घट्ट आवळले. अण्णांनी स्वतः हात घालून बोल्ट चाचपला. हात थरथरत होता. पण बोल्ट अर्धा आटा ढिला आहे, हे त्या थरथरत्या बोटांनाच कळले. मी तो पुन्हा आवळला. गालिचा दोन दिवस उन्हात वाळवायचे ठरले; कारण पाणी तसेच ठेवले, तर गंज परत येणार.

बॅटरी जोडली. बटण दाबले. खुर्ची घुं घुं करीत, कसलाही रुसवा न दाखवता, मागे सरकली. खर्च : पॉलिश पेपर आणि बल्ब मिळून साठ रुपये.

पुढच्या पंधरवड्याला अण्णांना मोटारीतूनच नेले. रेल्वेपुलाजवळच्या खड्ड्यांवरून मी हळू घेत होतो. ते म्हणाले, "सगळं एकदम बंद पडलं, की आधी काय बघायचं?"

"सामाईक जागा."

"आणि मीटर बारा दाखवतोय तर?"

"बल्ब लावायचा."

त्यांनी मान हलवली. माझ्या एम. ए. च्या निकालाच्या दिवशीही त्यांनी अशीच मान हलवली होती. पण त्या दिवशी ते खिडकीबाहेर पाहत होते, आज माझ्याकडे. घरी पोचल्यावर काठी टेकत उतरता उतरता म्हणाले, "ती पेटी आता माळ्यावर ठेवू नकोस. खालीच असू दे, तुझ्या पुस्तकांजवळ."