शिक्कामोर्तब कोणाच्या हातीं?

मराठी राज्याच्या दफ्तरांतील जुनीं पत्रें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस त्यांवरील दोन ठसे आठवत असतील. आरंभीं मोठा शिक्का आणि मजकूर संपतांच खालीं लहानसें मोर्तब. शिक्क्यानें पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबानें मजकूर येथेंच संपला, यापुढें कोणीं एक अक्षर वाढविल्यास तें आमचें नव्हे, हें ठरे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतों. परंतु त्यांत दोन निरनिराळीं कामें एकत्र आलेलीं आहेत, हें सहसा लक्षांत येत नाहीं. हीं दोन्ही कामें सरकारी व्यवहारांत आतां बोटाएवढें एक उपकरण करूं लागलें आहे. संगणकाच्या खाचेंत बसणाऱ्या या उपकरणास 'टोकन' म्हणतात, आणि त्यांत जें सांठविलेलें असतें त्यास 'डिजिटल सहीचें प्रमाणपत्र', किंवा कचेरींतील बोलींत 'डीएससी'.

पेशव्यांस पदाचीं वस्त्रें मिळत तेव्हां त्यांबरोबर शिक्केकट्यारही मिळे. शिक्का हातीं देणें म्हणजेच अधिकार देणें, हें त्या काळीं कोणास समजावून सांगावें लागत नसे. आज मात्र एखाद्या सुशिक्षित घरांतील कर्त्या पुरुषास 'आपलें टोकन कोठें आहे?' असें विचारावें, तर बहुधा उत्तर येतें, "तें होय? आमच्या सीएंकडे असेल." या उत्तरांत किती धोका सांठलेला आहे, तें वाचकांपुढें मांडावें, एवढ्याच हेतूनें पुढील मजकूर लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. कागदावर सही करून तिचें छायाचित्र पत्राखालीं चिकटविलें कीं डिजिटल सही झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. तें चित्र कोणीही उचलून दुसऱ्या पत्राखालीं लावूं शकेल. खरी डिजिटल सही ही डोळ्यांनीं पाहण्याची वस्तु नव्हे. तें एक गणित आहे. ज्या कागदावर सही करावयाची, त्यांतील सर्व मजकुराचा संगणक प्रथम एक अंकरूप गोषवारा काढतो. मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, गोषवाऱ्याची लांबी ठराविकच, आजच्या प्रघाताप्रमाणें २५६ बिटांची. मजकुरांतील एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला, तरी हा गोषवारा ओळखूं न येण्याइतका पालटतो. मग टोकनांतील गुप्त किल्लीनें त्या गोषवाऱ्यावर संस्कार होऊन जी संख्या निघते, ती सही. गुप्त किल्लीस एक जोडीची उघडी किल्ली असते व ती सर्वांस ठाऊक असण्यास हरकत नसते. तिच्या साहाय्यानें कोणासही ताडून पाहतां येतें कीं, ही सही त्याच गुप्त किल्लीनें झालेली आहे आणि त्यानंतर मजकुरांत फेरफार झालेला नाहीं. म्हणजे शिक्काही झाला आणि मोर्तबही झालें.

ही उघडी किल्ली अमक्याच व्यक्तीची, अशी ग्वाही कोणीतरी द्यावी लागते. तीच प्रमाणपत्रांत असते. ग्वाही देणाऱ्या संस्थांस भारत सरकारच्या नियंत्रकाचा परवाना लागतो. ईमुद्रा, कॅप्रिकॉर्न, व्हेरासिस वगैरे नांवें वाचकांनीं ऐकिलीं असतीलच. या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा. तो १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलांत आला, आणि तेव्हांपासून अशा सहीस कायद्यांत शाईच्या सहीची योग्यता प्राप्त झाली.

आतां हें प्रमाणपत्र कोणीं घ्यावें? पगारदार मनुष्य, निवृत्तिवेतनावर राहणारे वडीलधारे, भाडें व व्याज एवढेंच उत्पन्न असलेली गृहिणी, यांस त्याची बहुधा गरज नाहीं. आयकराचें विवरण भरल्यावर आधारशीं जोडलेल्या फोनवर येणाऱ्या ओटीपीनें, तीस दिवसांच्या आंत, त्याची पडताळणी केली म्हणजे काम भागतें. कोणी मध्यस्थ घरीं येऊन 'आतां हें सर्वांस सक्तीचें झालें' म्हणूं लागल्यास त्यास चहा पाजून वाटेस लावावें. सक्ती आहे ती मुख्यतः कंपन्यांस. कंपनीचीं कागदपत्रें तर २००६ सालीं एमसीए-२१ ही योजना सुरू झाल्यापासून याच सहीनें दाखल होतात. वस्तु व सेवा कराच्या कामीं कंपन्यांस व एलएलपींस ती लागते. सरकारी ई-निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराचें तर तिच्यावांचून पान हालत नाहीं. ज्या घरांत हिंदु अविभक्त कुटुंबाचें स्वतंत्र पॅन असून त्या नांवानें मोठा धंदा चालतो, तेथें कुटुंबाच्या विवरणावर सही होते ती कर्त्याची. कुटुंबास स्वतःचा हात नसतो, हात कर्त्याचाच.

निवडीच्या बाबतींत पूर्वीं असलेला घोळ आतां पुष्कळ कमी झाला आहे. दुसऱ्या वर्गाचीं प्रमाणपत्रें १ जानेवारी २०२१ पासून देणें बंद झालें असून सरकारी कामांकरितां तिसऱ्या वर्गाचेंच घ्यावयाचें. मुदत एक, दोन किंवा तीन वर्षांची असते. स्वतःच्या विवरणासाठीं वैयक्तिक प्रमाणपत्र पुरतें. संस्थेच्या वतीनें निविदा भरावयाची असल्यास संस्थेचें नांव असलेलें घ्यावें लागतें. निविदेच्या कामीं सहीच्या जोडीस मजकूर कुलुपबंद करणारें दुसरें प्रमाणपत्रही लागतें, त्यास एन्क्रिप्शनचें म्हणतात. त्याची मुदत संपली म्हणून जुनें टोकन फेंकून देऊं नये, कारण त्या किल्लीनें बंद केलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही किल्लीनें उघडत नाहीं. नांव पॅनवर जसें आहे तसेंच असूं द्यावें. आपल्याकडे बायकांचीं नांवें लग्नांत बदलतात, आणि पॅनवर माहेरचें, आधारवर सासरचें असा प्रकार पुष्कळ घरांत आढळतो. तो अर्जापूर्वींच निस्तरावा. आणि नवें प्रमाणपत्र घेतल्यावर तें ज्या ज्या सरकारी संकेतस्थळावर वापरावयाचें, तेथें तेथें पुन्हां नोंदवावें लागतें. हें न केल्यामुळें शेवटच्या तारखेच्या रात्रीं होणारी धांवपळ पुष्कळांच्या परिचयाची असेल.

पण याहून महत्त्वाची गोष्ट अर्ज करतांनाच घडत असते. अर्जांत फोनचा क्रमांक व ई-मेलचा पत्ता द्यावयाचा असतो. सोय म्हणून मध्यस्थ तेथें आपलाच क्रमांक व आपलाच पत्ता घालतो, आणि अर्जदार 'बरें झालें, एक काम वाचलें' म्हणतो. पुढें त्या प्रमाणपत्रासंबंधीं येणारी प्रत्येक सूचना मध्यस्थाकडे जाते. मालकास तिचा गंधही नसतो. अर्जदाराची ओळख पटविण्यासाठीं चित्रफीत घेतली जाते, ती आपण स्वतः कॅमेऱ्यापुढें बसून द्यावी. 'तुम्ही फक्त कागद पाठवा, बाकीचें आम्ही पाहूं,' असें जो म्हणेल त्याच्याकडून प्रमाणपत्र घेऊंच नये. फुकट मिळालें तरी घेऊं नये. टोकन हातीं आलें कीं त्याचा परवलीचा शब्द तत्काळ बदलावा. विक्रेत्यानें घातलेला मूळचा शब्द पुष्कळदां सर्वांस ठाऊक असलेला, आठ आंकड्यांच्या सरळ ओळीसारखा असतो.

एवढें सर्व नीट केलें आणि मग टोकन दुसऱ्याच्या स्वाधीन केलें, तर सारेंच फुकट. कोणत्याही करसल्लागाराच्या कचेरींत डोकावून पाहावें: खणांत किंवा बिस्किटांच्या डब्यांत, रबरानें बांधलेल्या चिठ्ठ्यांसह, पंचवीस-पन्नास टोकनें शेजारीं शेजारीं पडलेलीं दिसतील. चिठ्ठीवर नांव, आणि कित्येकदां नांवाखालींच परवलीचा शब्द! सल्लागार लबाड असतात असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. बहुतेक सज्जन असतात आणि अशिलाच्या आळसानेंच त्यांच्या गळ्यांत ही जोखीम पडलेली असते. परंतु त्या डब्यापर्यंत हात पोंचणारा कारकून आज आहे तो उद्यां नसेल, आणि कोरा कागद सहीसुद्धां कोणाच्या खणांत ठेवून आपण निजत नाहीं. येथें तर एका कोऱ्या कागदाची गोष्ट नव्हे. मुदत संपेपर्यंत हव्या तितक्या कागदांची आहे.

कायदा या बाबतींत स्पष्ट आहे. वर सांगितलेल्या कायद्याचें ४२ वें कलम प्रमाणपत्रधारकावर असें कर्तव्य घालतें कीं, गुप्त किल्ली आपल्या ताब्यांत राहील अशी वाजवी काळजी त्यानें घ्यावी; ती दुसऱ्याच्या हातीं पडल्याचें कळतांच प्रमाणन संस्थेस विनाविलंब कळवावें; आणि तसें कळवीपर्यंत जबाबदारी त्याचीच. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतही जुन्या पुराव्याच्या कायद्यांतील तें तत्त्व कायम आहे कीं, सुरक्षित इलेक्ट्रॉनिक सही ज्याची, त्यानेंच ती मान्यता देण्याच्या उद्देशानें केली असें न्यायालयानें उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावें. म्हणजे 'ही सही मीं केलीच नाहीं' असें म्हणणाऱ्यासच तें सिद्ध करून दाखवावयाचें. शाईच्या सहींत निदान अक्षराचें वळण साक्ष देतें. या सहीस वळण नाहीं; चोरानें केली काय आणि धन्यानें केली काय, गणित एकच येतें. दुसऱ्याची अशी सही कपटानें वापरणारास ६६-सी कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो हें खरें. पण राजीखुशीनें टोकन देणाऱ्या धन्याची बाजू न्यायालयांत किती लंगडी पडेल, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

यांत आम्हांस विशेष चिंता वाटते ती घरांतील स्त्रियांची. खाजगी कंपनीस निदान दोन संचालक लागतात. घरचा धंदा कंपनीच्या नांवें करतांना एक संचालक यजमान, आणि दुसरी संचालक बहुधा त्यांची पत्नी, आई किंवा सून. त्या बाईंचें टोकन काढलें जातें, कपाटांत किंवा कचेरींत ठेवलें जातें, आणि कागदपत्रांवर त्यांच्या नांवें सह्या होत राहतात. त्या स्वतः पदवीधर असतात, मुलांचा अभ्यास घेतात, घरचा हिशेब पैपर्यंत ठेवतात. परंतु आपल्या नांवें काय दाखल झालें हें त्यांस ठाऊक नसतें. कंपनीनें लागोपाठ तीन आर्थिक वर्षें हिशेब किंवा वार्षिक विवरण दाखल केलें नाहीं, तर २०१३ सालच्या कंपनी कायद्याच्या १६४ व्या कलमानें तिचे संचालक पांच वर्षें अपात्र होतात, आणि तेथें 'मी नुसती नांवाला होतें' ही सबब चालत नाहीं. ज्या भगिनी अशा संचालक असतील त्यांनीं आजच यजमानांस विचारावें, माझें टोकन आणा. यांत अविश्वासाचें कांहीं नाहीं. दागिन्यांच्या पेटीची किल्ली त्यांच्याजवळ असते, तशीच हीही असावी.

कामाची अडचण होते म्हणावें, तर तीही फारशी नाहीं. सल्लागारानें विवरण तयार करावें, मसुदा घरीं पाठवावा, तो वाचावा, शंका विचाराव्या, आणि मग टोकन स्वतः लावून परवलीचा शब्द स्वतः टंकावा. वर्षांतून चार वेळां अर्धा तास खर्च झाला तर बिघडलें कोठें? ज्यांस टोकन बाळगणेंच नको, त्यांस कित्येक ठिकाणीं ई-सहीची सोय आहे; आधारच्या पडताळणीनें तेवढ्यापुरती किल्ली निर्माण होते, आणि तिचें प्रमाणपत्र अर्ध्या तासांत संपतें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेची 'ई-हस्ताक्षर' ही अशीच सेवा. अर्थात् फोनवर आलेला ओटीपी दुसऱ्यास वाचून दाखविला, तर टोकन दिल्यासारखेंच झालें.

आतां उलट बाजू. आपणांसही डिजिटल सहीचे कागद येतात, ते पारखावे कसे? सर्वांच्या परिचयाचें उदाहरण सातबाऱ्याचें. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. नुसता पाहण्यासाठीं जो फुकट दिसतो तो निराळा व सहीचा निराळा. कायदेशीर कामास दुसराच चालतो. हा उतारा संगणकावर उघडला असतां पुष्कळदां सहीवर पिवळें प्रश्नचिन्ह दिसतें आणि लोक घाबरतात. त्याचा अर्थ सही खोटी असा नव्हे. वाचन करणाऱ्या प्रणालीस भारताच्या नियंत्रकाचें मूळ प्रमाणपत्र अजून ओळखीचें नाहीं, एवढाच तो अर्थ. सहीच्या गुणधर्मांत जाऊन त्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास नोंदविला, कीं प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. मात्र विश्वास नोंदवितांना तें प्रमाणपत्र खरोखर भारताच्या नियंत्रकाचेंच आहे ना, हें नांव वाचून पाहावें. आणि लाल खूण किंवा मजकूर बदलल्याची सूचना दिसल्यास तो कागद घेऊंच नये. कागदावर छापून काढलेल्या प्रतींतून सहीचें गणित पडताळतां येत नाहीं. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

शेवटीं एक अप्रिय पण आवश्यक बाब. घरांतील कर्ता पुरुष निवर्तला, टोकनाची मुदत अद्यापि दोन वर्षें आहे, परवलीचा शब्द मुलास ठाऊक आहे; मग 'बाबांचेंच टोकन चालवूं' असा मोह अगदीं साध्या घरांतही होतो. तो कटाक्षानें टाळावा. सही ही इस्टेट नव्हे. ती वारसांकडे जात नाहीं. ३८ व्या कलमानें धारकाच्या मृत्यूनंतर प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार प्रमाणन संस्थेस आहे. मृत्यूच्या दाखल्यासह तिला कळवावें. मृताचें विवरण भरावयाचें असल्यास वारसानें आयकराच्या संकेतस्थळावर कायदेशीर प्रतिनिधि म्हणून नोंद करून आपल्या सहीनें भरावें. अविभक्त कुटुंबांत नवा कर्ता येईल त्यानें आपलें नांव नोंदवून आपली सही सुरू करावी. आणि हें सर्व मृत्युपत्रांत लिहून ठेवूं म्हणणाऱ्यांनीं एवढें लक्षांत असूं द्यावें कीं, माहिती तंत्रज्ञानाचा हा कायदा मृत्युपत्रास लागूच नाहीं. तें अजून कागदावर, स्वतःच्या हातच्या सहीनें आणि दोन साक्षीदारांच्या सहीनेंच करावयाचें असतें.