अंथरूण पाहावे, पण पायही पसरावे

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. वडीलमंडळींच्या तोंडून ती बहुधा 'खर्च करू नका' याच अर्थाने येते. परंतु वाचकहो, शब्द नीट ऐकले तर ही म्हण पाय आखडून घ्या असे कोठेही सांगत नाही. अंथरूण पाहावे हा तिचा पूर्वार्ध, आणि पाय पसरावे हा उत्तरार्ध. काटकसरी घरांतून पूर्वार्ध कसोशीने पाळला जातो, उत्तरार्धाचा मात्र विसर पडतो. आणि ज्या घरी उत्तरार्धाचा विसर पडतो, त्या घरी पूर्वार्धही फार दिवस टिकत नाही.

इंदुरातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. गृहस्थ एका लहान कारखान्यात हिशेबनीस, पत्नी घरी शिकवण्या घेणारी, आणि दोन शाळकरी मुले. काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टाखातर ही मंडळी विमानाने समुद्रकाठच्या एका प्रसिद्ध गावी गेली आणि चार दिवस राहून आली. पैसे क्रेडिट कार्डावर. 'महिन्याला थोडे थोडे भरू' असा विचार होता. परतल्यावर साठ हजार रुपये थकले. अशा थकबाकीवर अनेक कार्डांना दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडते. हिशेब करून पाहा: साठ हजारांवर महिन्याला सुमारे २,१०० रुपये, आणि तेही मुद्दलाला हात न लावता! दुसऱ्यांचे हिशेब बिनचूक लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना स्वतःच्या घरचा हा हिशेब तिसऱ्या महिन्यात उमगला.

मग घरात कडक शासन सुरू झाले. रविवारचे फिरणे बंद, नाटक बंद, बाहेरचा चहा बंद, भाचीच्या लग्नाला जाणेही बंद. आठ महिने हा क्रम चालला. कर्ज थोडे उतरले, परंतु मुलीच्या वाढदिवशी वडिलांच्या मनाचा बांध फुटला आणि त्यांनी एक महागडा मोबाइल हप्त्यांनी घरी आणला. आठ महिन्यांच्या उपासाचे पारणे एका दुपारी फिटले! त्यांच्या पत्नी भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "फादर, पैसे गेले याचे दुःख आहेच. पण त्या आठ महिन्यांत आमच्या घरी कोणी मोकळेपणाने हसले नाही, याचे दुःख अधिक आहे."

त्यांचे हे बोलणे विचार करण्याजोगे आहे. उधळपट्टी आणि कोरडा कंजूषपणा या एकमेकींच्या वैरिणी आहेत असे आपण समजतो. वस्तुतः त्या सख्ख्या बहिणी होत. एकीने दार लावले की दुसरी खिडकीतून आत येते. उपाशीपोटी बाजारात गेलेला माणूस नको ते विकत घेतो, तसेच आनंदाला पारखे झालेले घर एके दिवशी नको तेवढा खर्च करून बसते. तेव्हा थोड्या पैशांत राहू इच्छिणाऱ्याने आनंद वगळून चालणार नाही. आनंदाला हिशेबात स्थान दिले पाहिजे, आणि तो कोठे स्वस्त मिळतो हे शोधले पाहिजे.

तो कोठे स्वस्त मिळतो? माझे उत्तर असे की, जो आनंद पुष्कळजण वाटून घेतात तो स्वस्त, आणि जो भिंतीआड एकट्यासाठी राखून ठेवलेला असतो तो महाग. हे आमच्या इंदूर शहरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

राजवाड्याच्या पाठीमागचा सराफा पाहा. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यापार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांवर आणि त्यांच्यापुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, दहीवडे, मालपुवा, रबडी, थंडीच्या दिवसांत तळून मसाला भुरभुरलेले गराडू, ताटलीएवढा जलेबा, आणि इंदूरची ती दाट, दुधाची शिकंजी, जिचा लिंबाच्या शिकंजीशी नावापलीकडे संबंध नाही! येथे खाणे स्वस्त का पडते, याचा कधी विचार केला आहे काय? एकच जागा दिवसा एकाला आणि रात्री दुसऱ्याला उपयोगी पडते. टेबलखुर्च्या नाहीत, थंड हवेची यंत्रे नाहीत, गिऱ्हाईक उभ्याउभ्या खाते. एकेक दुकानदार एकदोनच पदार्थ करतो, पण ते मोठ्या प्रमाणावर आणि ताजे. म्हणून आपण जे पैसे देतो ते बव्हंशी पदार्थाचेच देतो. मोठ्या हॉटेलात आपण गालिच्याचे, दिव्यांच्या झुंबराचे आणि दारावरच्या सलामाचेही पैसे देत असतो.

तरुण मंडळी ज्याला 'नाइट लाइफ' म्हणतात त्याचे हे आमचे रूप. आजी नातवाचे बोट धरून येथे येते, नवविवाहित जोडपी येतात, परीक्षा संपलेले विद्यार्थी येतात. घरी हलके जेवण करून, शनिवार-रविवारची झुंबड टाळून, चौघांनी प्रत्येक पदार्थ वाटून खाल्ला तर काही शेकड्यांत रात्र साजरी होते, आणि चार पदार्थांची चव चौघांनाही मिळते. वाटून खाण्यात कमीपणा नाही. उलट एका ताटलीभोवती चौघे उभे राहिले म्हणजे बोलणेही अधिक होते.

याच शहरात रात्रीच्या आनंदाचे आणखी एक उदाहरण आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झाँक्यांची मिरवणूक निघते. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची. ती कापडगिरण्यांच्या कामगारांनी वाढविली. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या गिरण्यांच्या नावांनी आजही झाँक्या निघतात. गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांची सुमारे २२४ कोटी रुपयांची देणी चुकती होण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. तोपर्यंत कित्येकजण वृद्ध झाले होते, कित्येक हे जग सोडून गेले होते. परंतु गिरणीबरोबर झाँकी संपली नाही. वर्गणी गोळा करून, देणग्या मागून, दिव्यांची आरास आणि हलते देखावे उभे राहत गेले आणि सारे शहर रस्त्याच्या कडेला बसून रात्रभर ते विनामूल्य पाहत राहिले. खिशात पगार नसतानाही ज्यांनी शहराला एक रात्र दिली, त्यांच्यापुढे 'आनंद ही श्रीमंतांची मिरास आहे' असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

याउलट एक प्रयोग फसलाही. २०२२ मध्ये येथील बी.आर.टी.एस. मार्गालगतची दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची परवानगी देण्यात आली. मद्यपान आणि मारामाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२४ मध्ये ती परवानगी मागे घेण्यात आली. रात्र केवळ उघडी असून भागत नाही. ती कुटुंबाने जाण्याजोगी असावी लागते. जेथे आजी आणि नातू असतात, तेथील रात्र सुरक्षितही असते आणि स्वस्तही.

इंदूरबाहेरच्या वाचकांनी आपापल्या गावी असे आनंद शोधावेत. ग्वाल्हेरला डिसेंबरात तानसेन समारोह होतो. २०२४ मध्ये त्याचे शंभरावे वर्ष साजरे झाले. देशातील थोर कलावंत तेथे गातात-वाजवितात आणि श्रोत्याला तिकीट पडत नाही. गोव्यातील जत्रांतून रात्री उशिरापर्यंत मराठी नाटके रंगतात. वडोदऱ्याला सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये खुली केलेली कमाटीबाग आहे. मोठ्या राजाने करून ठेवलेली बाग वापरण्यास आपल्याला राजा व्हावे लागत नाही!

आता प्रवासाविषयी. प्रवास महाग होतो तो बहुधा अंतराने नव्हे, घाईने होतो. आयत्या वेळी ठरविलेले, सणासुदीच्या गर्दीत साधलेले आणि सारे जग जाते तेथेच केलेले पर्यटन खिसा रिकामा करते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. ही तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली, तर शयनयान वर्गाची चार तिकिटे सहसा मिळून जातात. रात्रीच्या गाडीने गेल्यास एका रात्रीचे हॉटेलभाडेही वाचते. इंदूरहून संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस सकाळी मुंबईच्या आप्तांकडे चहाला हजर असतो.

पण दरवेळी मुंबईच कशाला? धारमार्गे सुमारे शंभर किलोमीटरवर मांडू आहे. पावसाळ्यात तेथे ढग जमिनीवर उतरतात, दोन तलावांमधला जहाज महाल खरोखरच पाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो, आणि रूपमतीच्या मंडपातून दूरवर नर्मदेचा पट्टा दिसतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही, आणि मोठ्यांचे शुल्कही एखाद्या नाश्त्याहून अधिक नाही. सकाळी शिदोरी बांधून निघावे, रात्री घरी परतावे. दुसऱ्या वेळी महेश्वरला जावे. अहिल्याबाई होळकरांच्या या राजधानीतील घाटावर संध्याकाळी नुसते बसण्याला कोणी पैसे मागत नाही.

महेश्वरचे नाव निघाले म्हणून लहानशा चैनीविषयीही सांगतो. चैन वाईट नव्हे. वाईट आहे ती चैनीची नक्कल. वर्षभरात पाच सामान्य साड्या घेऊन एकही मनाजोगी न मिळणे, ही खरी उधळपट्टी. महेश्वरी साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसेल असा विणतात, त्याला 'बुगडी' म्हणतात. साडी उलटसुलट कशीही नेसता येते. काटकसर आणि शोभा एकाच काठात कशी विणता येते, हे तेथील विणकर आपल्याला शिकवतात. तीच गोष्ट पुरुषांच्या चपलांची, मुलांच्या पुस्तकांची, स्वयंपाकघरातील भांड्यांची. थोडे घ्यावे, चांगले घ्यावे, आणि ते कपाटात जपून न ठेवता वापरावे.

शेवटी पैशाचा नियम. महिन्याच्या अखेरीस जे उरेल त्यातून मौज करू, असे म्हणणाऱ्याला काही उरत नाही. महिन्याच्या आरंभीच आनंदाचा वाटा बाजूला काढावा. चाळीस हजार मिळकतीच्या घराने दोन हजार काढले असे समजा. त्यातील सहाशे रात्रीच्या फेरफटक्याला, चारशे नाटकाला किंवा पुस्तकाला, आणि हजार प्रवासाच्या डब्यात. वर्षाला त्या डब्यात बारा हजार होतात. डबा भरल्यावर प्रवास करावा. प्रवास केल्यावर डबा भरू नये. कर्ज असेल तर आधी कर्ज फेडावे, हे खरे. परंतु त्या काळातही आनंदाचा वाटा लहान करावा, पुसून टाकू नये.

वर सांगितलेल्या कुटुंबाने हेच केले. घरातील चौघांनी मिळून कागदावर हिशेब मांडला. मुलांपासून कर्ज लपविले नाही. कार्ड कपाटात कुलूपबंद झाले, आणि कर्जफेडीच्या काळात आनंदासाठी महिन्याला सातशे रुपये ठरले. ते कोठे खर्चावे हे ठरविण्याचा मान दर महिन्याला एकाचा. मुलीने पहिल्या महिन्यात सराफा निवडला. धाकट्याने एकदा पैसे न खर्चता पुढच्या महिन्यात ढकलले, तेव्हा वडिलांनाच आश्चर्य वाटले. चौदा महिन्यांनी शेवटचा हप्ता फिटला आणि त्या पावसाळ्यात मंडळी बसने मांडूला जाऊन आली. विमानप्रवासाची छायाचित्रे त्यांच्या घरी आहेत. पण गोष्टी सांगतात त्या मांडूच्या पावसात भिजलेल्या पोळ्यांच्या.

वाचकहो, या महिन्याचा पगार हाती येईल तेव्हा किराणा, फी, भाडे, वीजबिल यांच्या यादीत आणखी एक ओळ लिहा. रक्कम लहान असली तरी चालेल. घरातील सर्वांत धाकट्याला विचारा, 'या वेळी कोठे जायचे?' अंथरूण किती लांब आहे हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्यावर पाय पसरण्याचा हक्कही तुमचाच आहे.