दरीतील साहस आणि दरीकाठचे गाव

मध्य रेल्वेवरील भांडुप व मुलुंड या दोन स्थानकांच्या दरम्यान २००६ साली नाहूर हे स्थानक सुरू झाले. त्याच्या पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत आणि पूर्वेस ठाणे खाडीची खारफुटी. मुंबईच्या ज्या उपनगरांनी महाराष्ट्रातील गिर्यारोहणाच्या छंदास मोठ्या संख्येने तरुण पुरविले, त्यांपैकी हा पट्टा होय. मुंबईतील ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ साली स्थापन झाली. कान्हेरीचे कातळ आणि खाडीपलीकडील मुंब्र्याचे कडे यांवर सराव करून शहरातील मुलांच्या कित्येक पिढ्या प्रस्तरारोहण शिकल्या. शनिवारी रात्री पाठीवर पिशवी अडकवून कसारा वा कर्जतची गाडी पकडणारे तरुण हे या मार्गावरील परिचित दृश्य आहे.

ही मुले ज्या ठिकाणी जातात, त्या ठिकाणच्या गावाचा विचार मात्र फारसा केला जात नाही. साहसाची जागा जितकी दुर्गम, तितकी शहरातील मदत दूर. अपघात घडला तर प्रथम धाव घेतो तो गावकरी, आणि पुष्कळदा दोर, प्रकाश किंवा स्ट्रेचर यांपैकी काहीही हाताशी नसताना. साहसी उपक्रमांच्या नियोजनात गावाला अशा प्रकारे न विचारता गृहीत धरले जाते, ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल.

सांदण दरीचे उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात भंडारदरा जलाशयाच्या पलीकडे साम्रद नावाचे गाव आहे. रतनगडाचा डोंगर गावाच्या माथ्यावर आणि गावाच्या कडेलाच जमिनीला पडलेली एक प्रचंड भेग, तीच सांदण दरी. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूंचे कातळ हाताला लागावेत इतकी ती अरुंद आहे. वाटेत थंड पाण्याचे डोह लागतात. पुढे मोठमोठ्या शिळांवरून उड्या घेत, व कोठे कोठे दोराच्या साहाय्याने उतरत, माणूस घाटमाथ्यावरून थेट कोकणात, ठाणे जिल्ह्यातील डेहणे गावाच्या बाजूस पोहोचतो.

गेल्या काही वर्षांत या दरीची ख्याती फार वाढली. सुट्टीच्या दिवसांत साम्रदच्या अंगणांतून तंबू उभे राहतात. घरोघरी पिठले-भाकरीची व्यवस्था होते. गावातील तरुण वाटाडे म्हणून काम करतात. पावसाळी भातशेतीनंतर कामाच्या शोधात घाट उतरण्याची ज्या भागाला सवय, तेथे ही मिळकत लहान नाही.

आता धोक्याकडे वळू. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेल्या बेसाल्टचा डोंगर आहे. कठीण काळा कातळ आणि त्याच्या मधोमध मऊ, सच्छिद्र किंवा लाल मातीसारखा थर, अशी त्याची रचना. मऊ थर झिजला की वरचा कठीण कातळ आधाराविना राहतो आणि एखाद्या पावसात, कधी भर उन्हाळ्यातही, निखळतो. म्हणूनच सह्याद्रीत दगड कोसळणे हा अपवाद नव्हे. अरुंद दरीत तो चुकविण्यास जागाच नसते. दुसरा धोका पाण्याचा. दरीच्या तोंडाशी ऊन पडलेले असते, परंतु वर पठारावर एखादी सर कोसळली की ते सर्व पाणी त्या एकाच भेगेतून वाहू लागते. पावसाळ्यात सांदण दरीत उतरणे म्हणजे वाहत्या नदीच्या पात्रात उतरणेच होय, हे साम्रदचा शाळकरी मुलगाही सांगेल.

ऑस्ट्रेलियातील खाणप्रदेशाचा अनुभव

अशाच भूरूपाचा आणि अशाच दुर्गमतेचा अनुभव ऑस्ट्रेलियाने फार मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वायव्येस पिलबारा हा लोहखनिजाचा प्रदेश आहे. टॉम प्राइस व न्यूमन ही तेथील खाणकामगारांची नगरे. राजधानी पर्थपासून हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या या वैराण मुलखात हॅमर्सली रांगेमध्ये कारिजिनी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सव्वासहा लाख हेक्टरांच्या आसपास भरते. बंजिमा, कुर्रामा व इन्नावोंगा या आदिवासी समाजांची ही परंपरागत भूमी. सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या लोहयुक्त खडकांत पाण्याने कोरलेल्या हॅन्कॉक, वीआनो, जोफ्रे, नॉक्स अशा खोल दऱ्या तेथे आहेत. त्यांत पोहत, सरपटत व दोराने उतरत जाण्यासाठी जगभरातून हौशी लोक येतात.

तेथील व्यवस्थापनातील एक गोष्ट आपल्याकडे सहज घेण्यासारखी आहे. पायवाटांना काठिण्यानुसार वर्ग दिलेले असून तो वर्ग वाटेच्या तोंडाशीच लिहिलेला असतो. वरच्या वर्गाच्या वाटेवर डोह पोहून पार करावे लागतील, कातळावर चढावे लागेल, हे आधीच कळते. आणि अगदी शेवटच्या वर्गातील भागात प्रशिक्षण, साहित्य व उद्यानाची पूर्वपरवानगी यांखेरीज जाता येत नाही. ‘सावधान, धोका’ एवढेच लिहिलेल्या फलकापेक्षा असा फलक अधिक उपयोगी, कारण वाचणाऱ्याला आपली कुवत ताडून पाहता येते.

तथापि एवढ्या व्यवस्थेनंतरही अपघात टळत नाहीत. २००४ साली हॅन्कॉक दरीत जखमी झालेल्या पर्यटकाच्या सुटकेसाठी आपत्कालीन सेवेचे स्वयंसेवक उतरले. त्याच वेळी वरच्या बाजूने पाण्याचा अकस्मात लोंढा आला व जिम रीगन हे स्वयंसेवक त्यात वाहून गेले. त्या दरीतील एका डोहाला आज त्यांचे नाव आहे. तेथील ही आपत्कालीन सेवा मुख्यतः स्थानिक स्वयंसेवकांच्या बळावर चालते. फरक इतकाच की शासनाने त्यांना प्रशिक्षण, गणवेश व साहित्य दिलेले असते. आपल्याकडील वाटाड्याला अद्याप यांपैकी फारसे काही मिळालेले नाही.

कारिजिनीच्याच शेजारी विटेनूम नावाचे गाव होते. तेथील दरीत निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण चालत असे. १९६६ साली ती बंद पडली, परंतु काढून टाकलेल्या भुकटीचे लाखो टनांचे ढीग तसेच राहिले. त्यातील सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुफ्फुसात जातात आणि कित्येक वर्षांनंतर जीवघेणा रोग जडतो. खाणीत काम केलेले आणि नुसते गावात राहिलेले मिळून दोन हजारांहून अधिक लोक यामुळे मृत्यू पावले, असे मानले जाते. शासनाने २००७ साली गावाचा दर्जा काढून घेतला, नकाशावरून नाव वगळले, फलक लावले. तरीही ओसाड गाव पाहण्याची हौस व दरीतील सुंदर डोह यांच्या मोहाने लोक तेथे मुक्कामास जातच राहिले. अखेर २०२२ साली गाव कायमचे बंद करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. खाणीचा धोका खाणीबरोबर संपत नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

सुटकेची विद्या

साहसी खेळ म्हणजे शहरी मुलांची चैन, असा समज ग्रामीण भागातच नव्हे, तर काही कार्यालयांतूनही आढळतो. दोन घटना तो दूर करण्यास पुरेशा आहेत.

२८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर–महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस जण मृत्युमुखी पडले, एकच जण वाचला. भर पावसात त्या निसरड्या दरीत उतरून मृतदेह वर आणण्याच्या कामी महाबळेश्वर व आसपासच्या गिर्यारोहकांनी मोठा वाटा उचलला. दोराने उतरणे, सुरक्षित खुंटी ठोकणे, ओझे कप्पीने वर खेचणे हे सारे त्यांनी हौसेपोटी शिकलेले होते. त्या दिवशी ते शासकीय यंत्रणेच्या कामी आले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनाही चिखलातून डोंगर चढूनच पोहोचावे लागले. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले. या ठिकाणीही परिसरातील गिर्यारोहक मदतीस धावून गेले, कारण इर्शाळगडाची वाट त्यांच्या पायाखालची होती.

जखमी माणसाला डोंगरातून खाली आणणे किती कठीण असते, याची कल्पना सपाटीवर येत नाही. स्ट्रेचर उचलण्यास एका वेळी सहा जण तरी लागतात आणि थोड्याच अंतरावर त्यांच्या जागी दुसरे सहा घ्यावे लागतात. दिवसा दोन तासांत उतरणारी वाट जखमीसह उतरण्यास सारी रात्रही जाऊ शकते. एवढी माणसे त्या वेळी मिळतात ती गावातूनच.

नियम आणि ग्रामपंचायत

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेविषयी शासन निर्णय काढला व त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी व हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांचा त्यात विचार केलेला असून आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, अशी अपेक्षा आहे. धोरण चांगले आहे. परंतु शनिवारी रात्री शंभर मुलांना घेऊन येणारा आयोजक नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे मंत्रालयातून दिसत नाही. ते गावाच्या वेशीवर दिसते. यासाठी ग्रामपंचायतीने अथवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीने केवळ प्रवेश शुल्काची पावती फाडून थांबू नये. आयोजकाचे नाव व नोंदणी, माणसांची संख्या, जाण्याची वेळ आणि परत आल्याची वेळ एवढी नोंद ठेवणारी साधी वहीही पुरे. यांपैकी शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच असतो. वस्तुतः कोणी मागे राहिले आहे हे अंधार पडण्यापूर्वी कळण्याचा तेवढाच एक मार्ग आहे.

शुल्कातून जमणाऱ्या रकमेचा काही भाग दोर, शिरस्त्राणे, घडीचे स्ट्रेचर व प्रथमोपचार पेटी यांवर खर्च करून गावातील आठ-दहा तरुणांना गिर्यारोहण संस्थांकडून सुटकेचे प्रशिक्षण द्यावे. पावसाच्या दिवसांत वाट बंद ठेवण्याचा शब्दही गावाचाच असावा. वाटाड्याने ‘आज उतरायचे नाही’ म्हटले असता त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. यास्तव बंद हंगामासाठी समितीने त्याला काही मोबदला देण्याची तजवीज केली, तर त्याला पोटासाठी दरीत उतरावे लागणार नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मुलांना साहसासाठी सांदण दरीपर्यंत जावे लागत नाही. मुंबईच्या उपनगरांपासून खेड्यापाड्यांपर्यंत इमारती व रस्त्यांसाठी दगड काढून सोडून दिलेल्या खाणी पावसाच्या पाण्याने भरतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहण्याची जागा बनतात. नदीला उतार असतो, तलावाला काठ असतो. खाणीला यांपैकी काहीच नाही. पहिले पाऊल गुडघाभर पाण्यात आणि दुसरे वीस-तीस फुटांत असा प्रकार तेथे होऊ शकतो. भिंती सुरुंगाने खिळखिळ्या झालेल्या असल्यामुळे बाहेर निघताना धरलेला दगड हातातच येतो. वरचे पाणी कोमट लागले तरी खालचे इतके गार असते की हातपाय आखडतात. आपल्या हद्दीत असे खड्डे किती, त्यांचा खाणपट्टा संपला आहे काय व कुंपणाची जबाबदारी कोणाची, याची माहिती तलाठी कार्यालयातून ग्रामपंचायतीला मिळू शकते. मुख्याध्यापकांनी ती यादी मागून घेऊन वार्षिक परीक्षा संपण्यापूर्वी वर्गावर्गांत वाचून दाखविण्यास एक तासिका पुरेल.