स्टीरिओ ट्यूनर आणि आर्मस्ट्राँग यांचा रुंद पट्टा

सायखेड्यासारख्या, नाशिकपासून काही अंतरावर असलेल्या गोदाकाठच्या गावात जुना स्टीरिओ ट्यूनर, म्हणजे केवळ लहरी पकडून त्यांतला आवाज ध्वनिवर्धकाकडे सोपवणारा संच, लावला असता स्टीरिओचा दिवा उजळताच खरखर वाढते आणि मोनोचे बटण दाबताच ती ओसरते. हा यंत्राच्या वयाचा दोष मानला जातो. वास्तविक त्याचे मूळ प्रक्षेपणाच्या रचनेत आहे.

स्टीरिओ प्रक्षेपणात डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज नेहमीच्या जागी, तर त्यांची वजाबाकी 38 किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर पाठवली जाते, आणि 19 किलोहर्ट्झच्या स्थिर सुराच्या आधारे ट्यूनर दोन्ही बाजू पुन्हा वेगळ्या करतो. एफएममधला गोंगाट वारंवारतेबरोबर चढत जात असल्याने वरच्या मजल्यावरची ही वजाबाकी अधिक गोंगाट घेऊन उतरते.

मुळात हा मजला बांधता आला तो अमेरिकी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांच्यामुळे. लहरीची वारंवारता बदलून आवाज पाठवण्यात, म्हणजेच एफएममध्ये, लाभ नाही, असे अभियंते जॉन कार्सन यांनी 1922 मध्ये गणिताने दाखवले होते, आणि अरुंद पट्ट्यापुरते ते बरोबरही होते. आर्मस्ट्राँग यांनी मात्र पट्टा मुद्दाम रुंद केला, 1933 मध्ये पेटंट मिळवले आणि विजेच्या कडकडाटालाही दाद न देणारा आवाज घडवला. त्यांचे श्रेय मात्र वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यात अडकले. 1945 मध्ये अमेरिकेने एफएमचा पट्टा बदलल्याने आधीचे संच निरुपयोगी ठरले, 1954 मध्ये त्यांनी जीवन संपवले, आणि पत्नी मॅरियन यांनी शेवटचा खटला 1967 मध्ये जिंकला. 1961 मध्ये सुरू झालेले स्टीरिओ आर्मस्ट्राँग यांच्याच रुंद पट्ट्यात सामावले, ही गोष्ट ट्यूनरच्या कौतुकात क्वचितच सांगितली जाते.

जुन्या ट्यूनरच्या ‘उबदार’ आवाजाची ख्याती अतिरंजित आहे, कारण केंद्राने जे पाठवलेच नाही ते कोणताही संच निर्माण करू शकत नाही. त्यांचे खरे मोल शेजारची केंद्रे काटेकोरपणे दूर ठेवणाऱ्या गाळण्यांत आहे. सायखेड्यात मात्र ट्यूनर बदलण्याआधी छतावर नाशिककडे रोखलेला दिशादर्शी अँटेना बसवणे अधिक फलदायी, कारण लहर सबळ झाली की वजाबाकीवरचा गोंगाट आपोआप दबतो. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेले जुने संच मात्र टाळावेत: त्यांचा पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्झचा असल्याने आकाशवाणी नाशिकचे 101.4 मेगाहर्ट्झ त्यांच्या तबकडीवर येतच नाही.